कापूस होता, तरी मान्यता का मिळाली नाही? अमेरिकन यादवीतलं लंडनचं राजकारण

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा दक्षिणेच्या फुटीर राज्यांकडे कारखाने थोडे होते, आरमार जवळजवळ नव्हतंच. होता तो कापूस. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त माल याच राज्यांतून जात असे. साउथ कॅरोलायनाच्या जेम्स हॅमंडने १८५८ मध्येच सिनेटमध्ये छाती ठोकून सांगितलं होतं की कापसाशी युद्ध करायची पृथ्वीवर कुणाची हिंमत नाही, कापूस हा राजा आहे. दक्षिणेचं अख्खं परराष्ट्र धोरण या वाक्यावर उभं राहिलं. कापूस अडला की लँकेशायरच्या, म्हणजे इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या परगण्यातल्या, चुली विझतील, चुली विझल्या की लंडनला आपल्या बाजूने उतरावंच लागेल, असा सरळ हिशेब. चार वर्षांनी दक्षिण शरण गेली तेव्हा जगातल्या एकाही सरकारने तिला देश म्हणून मान्यता दिलेली नव्हती.

हिशेब कुठे फसला ते पाहायचं तर आधी पायऱ्या नीट समजून घ्याव्या लागतात, कारण 'ब्रिटन दक्षिणेच्या बाजूने होतं का' हा प्रश्नच फार ढोबळ आहे. दुसऱ्या देशात यादवी पेटली की बाहेरच्या सरकारपुढे चार पायऱ्या असतात. पहिली, तटस्थता जाहीर करणं. यात बंडखोरांना आपोआप 'युद्धमान पक्ष' असा दर्जा मिळतो. ते परदेशात कर्ज काढू शकतात, माल विकत घेऊ शकतात, त्यांच्या जहाजांवरच्या खलाशांना चाचे म्हणून फासावर चढवता येत नाही. दुसरी पायरी म्हणजे देश म्हणून मान्यता: वकील (म्हणजे राजदूत), करार, सगळं रीतसर. तिसरी, दोन्ही बाजूंना 'आता तह करा' असं सुचवणारी मध्यस्थी. आणि चौथी, आरमार पाठवून थेट हस्तक्षेप. दक्षिणेने पहिली पायरी महिन्याभरातच गाठली. राणी व्हिक्टोरियाची तटस्थतेची घोषणा १३ मे १८६१ ची आहे. त्यापुढे दक्षिण एकही पायरी चढली नाही.

ही घोषणा झाली त्याच दिवशी लिंकनचा नवा वकील चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स लंडनमध्ये पोचला आणि पाऊल टाकताच त्याला ही बातमी मिळाली. वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड संतापला. राग समजण्यासारखा होता, पण कायद्याच्या दृष्टीने चूक लिंकनच्याच घरातली होती. १९ एप्रिलला लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली होती. सरकार स्वतःची बंदरं 'बंद' करतं, नाकेबंदी करतं ती शत्रूच्या बंदरांची. नाकेबंदी म्हटली की भर समुद्रात परक्या जहाजांची झडती घ्यायचा हक्क मिळतो, पण त्याबरोबर समोर बंडखोरांची टोळी नसून युद्ध करणारा पक्ष आहे, हेही मान्य करावं लागतं. दोन्ही हातांत लाडू मिळत नाहीत.

नाकेबंदीबद्दल आणखी एक नियम होता. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यानुसार नाकेबंदी बंधनकारक ठरायची तर ती कागदावरची चालत नाही, समुद्रावर दिसावी लागते. दक्षिणेचा किनारा सुमारे ५,६०० किलोमीटरचा, आणि युद्ध सुरू झालं तेव्हा उत्तरेकडे, म्हणजे लिंकनच्या सरकारकडे, चालू स्थितीतली लढाऊ जहाजं पन्नाससुद्धा नव्हती. 'ही नाकेबंदी खोटी आहे' असं म्हणायला ब्रिटनला पुरेपूर वाव होता. दक्षिणेचे प्रतिनिधी नाकेबंदी चुकवून आत-बाहेर झालेल्या जहाजांच्या लांबलचक याद्या घेऊन लंडनमध्ये दारोदार फिरत होते. तरी फेब्रुवारी १८६२ मध्ये परराष्ट्रमंत्री लॉर्ड रसेलने निर्वाळा दिला की बंदरासमोर शिरताना-निघताना उघड धोका वाटावा इतकी जहाजं असली तर पुरे, चार-दोन निसटली म्हणून नाकेबंदी रद्द ठरत नाही.

हा उत्तरेवरचा उपकार नव्हता. गेली शंभर-दीडशे वर्षं जगात सगळ्यात जास्त नाकेबंदी करणारा देश ब्रिटनच होता, आणि उद्या फ्रान्सशी जुंपली तर पुन्हा तेच करायचं होतं. आज नियम कडक केला तर तो उद्या आपल्याच गळ्याशी येईल, हे लंडनच्या आरमारी मंडळींना पक्कं ठाऊक होतं.

शिवाय दक्षिणेने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. १८६१ मध्ये ब्रिटनवर दबाव यावा म्हणून मळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी आपणहून कापूस रोखून धरला. सरकारने तसा कायदा केला नव्हता, पण त्याला उघड फूस होती. आता ब्रिटिश अधिकाऱ्याला साधा प्रश्न पडणार: नाकेबंदी इतकी गळकी असेल तर कापूस येत का नाही? रोखलेल्या कापसामुळे उत्तरेची नाकेबंदी होती त्यापेक्षा घट्ट दिसू लागली. ज्या वर्षी नाकेबंदी सगळ्यात विरळ होती त्याच वर्षी माल बाहेर काढून लंडनच्या बँकेत पैसा साठवला असता तर दक्षिणेला बंदुका आणि जहाजं घ्यायला पुढे इतकी ओढाताण करावी लागली नसती.

वेळही चुकीची निवडली होती. १८५९ आणि १८६० ची पिकं भरघोस आली होती, लिव्हरपूलची गोदामं गच्च होती. एवढंच नव्हे, गिरण्यांनी आधीच इतकं कापड काढलं होतं की भारत आणि चीनच्या बाजारांत ते पडून होतं. त्यामुळे पहिलं वर्षभर कापसाचा भाव वाढला तो ज्यांच्याकडे साठा होता त्यांच्या पथ्यावरच पडला. खरी टंचाई जाणवली ती १८६२ च्या उत्तरार्धात.

पण त्याआधी युद्ध खरोखर पेटायची वेळ आली ती कापसामुळे नव्हे, एका टपालबोटीमुळे. ८ नोव्हेंबर १८६१ ला हवानाहून निघालेल्या 'ट्रेंट' या ब्रिटिश बोटीला उत्तरेच्या 'सॅन जॅसिंटो' या युद्धनौकेने गाठलं, पुढ्यात दोन गोळे टाकून थांबवलं आणि बोटीवरचे दक्षिणेचे दोन वकील, जेम्स मेसन आणि जॉन स्लायडेल, त्यांच्या सचिवांसह उतरवून घेतले. कॅप्टन चार्ल्स विल्क्सला वरून कसलाही हुकूम नव्हता. उत्तरेत त्याचा जयजयकार झाला. लंडनला बातमी पोचली ती २७ नोव्हेंबरला, आणि तिथे आग भडकली.

विल्क्सची चूक बारीक होती, पण मोक्याची. तटस्थ देशाच्या जहाजावर शत्रूचं काही असल्याचा संशय आला तर ते थांबवून झडती घेता येत होती. मात्र माल किंवा माणसं जप्त करायची तर जहाज बंदरात नेऊन जप्तीच्या न्यायालयापुढे उभं करावं लागे. विल्क्सने हाताखाली खलाशी कमी आहेत, बोटीवरच्या इतर उतारूंचे हाल होतील, म्हणून 'ट्रेंट'ला जाऊ दिलं आणि माणसं तेवढी उचलली. म्हणजे खटला, निकाल आणि अंमलबजावणी एका कॅप्टनने डेकवरच उरकली. त्यातून गंमत अशी की इंग्रज अमेरिकन जहाजांवरून माणसं अशीच उतरवून नेत, म्हणून अमेरिकेने १८१२ मध्ये ब्रिटनशी युद्ध केलं होतं.

पंतप्रधान पामर्स्टनच्या मंत्रिमंडळाने 'कैदी सोडा' असा खरमरीत खलिता तयार केला आणि कॅनडाला सुमारे ११,००० सैनिक रवाना करायला घेतले. त्याच सुमारास सोऱ्याची निर्यात थांबवली. हे पाऊल फौजेइतकंच झोंबणारं होतं. बंदुकीच्या दारूत तीन चतुर्थांश सोरा असतो आणि जगाच्या बाजारातला बराचसा सोरा ब्रिटिश भारतातून, मुख्यतः बिहारकडून येत होता. उत्तरेच्या दारूगोळ्यासाठी ड्यू पाँट कंपनीच्या माणसाने लंडनमध्ये नुकताच प्रचंड साठा खरेदी केला होता. तो गोदीतच अडकला.

खलिता मंजुरीसाठी राणीकडे गेला तेव्हा तिचा नवरा प्रिन्स आल्बर्ट मरणपंथाला लागला होता. त्याने मसुद्यात एक वाट मोकळी ठेवली: कॅप्टनने हे हुकुमाशिवाय केलं असावं, किंवा हुकुमाचा अर्थ चुकीचा लावला असावा, असा आम्हाला विश्वास आहे. १४ डिसेंबरला तो वारला. वॉशिंग्टनमध्ये ब्रिटिश वकील लॉर्ड लायन्स याने १९ डिसेंबरला सेवर्डला मजकूर खाजगीत दाखवला आणि सात दिवसांची मुदत ज्या क्षणापासून मोजली जाणार होती तो खलिता रीतसर हाती दिला २३ ला. मुदत न वाढवता चार दिवस जास्त मिळाले. मुत्सद्देगिरी म्हणतात ती बहुतेक वेळा अशीच दिसते, कागद कधी दाखवायचा आणि कधी द्यायचा यात. २६ डिसेंबरच्या उत्तरात सेवर्डने विल्क्सची नेमकी तीच चूक पकडली, जहाज न्यायालयापुढे आणलं नाही म्हणून कैदी सोडतो असं म्हटलं, वर 'ब्रिटनने अखेर आमचंच जुनं तत्त्व मान्य केलं' असा टोलाही हाणला. १ जानेवारी १८६२ ला मेसन आणि स्लायडेल ब्रिटिश जहाजावर चढले.

इथे तारांचा भागही लक्षात घ्यायला हवा. १८५८ मध्ये अटलांटिकखालून टाकलेली तार काही आठवड्यांतच बंद पडली होती आणि पुढची टिकाऊ तार १८६६ ची. मधल्या काळात बातमी बोटीने जायची, दहा-बारा दिवस लागायचे. १८६१ च्या डिसेंबरात ती तार चालू असती तर पहिल्या संतापातले मजकूर थेट एकमेकांच्या टेबलावर पडले असते.

मान्यतेच्या सगळ्यात जवळ दक्षिण पोचली ती १८६२ च्या सप्टेंबरात. ऑगस्टअखेर बुल रनला उत्तरेचा दुसऱ्यांदा पराभव झाला. पामर्स्टन आणि रसेल यांच्यात पत्रं सुरू झाली: आता दोघांना तह सुचवावा, उत्तर नाही म्हणाली तर दक्षिणेला मान्यता द्यावी. पामर्स्टनची अट एकच, पुढची लढाई काय सांगते ते पाहू. १७ सप्टेंबरला अँटीटमच्या लढाईत दक्षिणेचा सेनापती ली याला मागे फिरावं लागलं. २२ ला लिंकनने जाहीर केलं की १ जानेवारीपासून बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त होतील. तरीही ७ ऑक्टोबरला अर्थमंत्री ग्लॅडस्टनने न्यूकॅसलला बोलून टाकलं की दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने फौज उभी केली, आरमार उभं करतोय, आणि त्याहून मोठं म्हणजे त्याने राष्ट्र उभं केलं आहे. मंत्रिमंडळाचं असं काहीच ठरलं नव्हतं. युद्धमंत्री जॉर्ज कॉर्नवॉल लुईसने लेखी टिपण काढून विरोध केला. त्याचा मुद्दा व्यवहारी होता: मध्यस्थी सुचवली, उत्तरेने धुडकावली, मग काय? सरहद्द कुठे आखायची, गुलामीचं काय करायचं, आणि कॅनडाची इतकी लांब सीमा हिवाळ्यात राखायची कुणी? नोव्हेंबरात फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी मिळून सहा महिन्यांचा युद्धविराम सुचवावा असा प्रस्ताव ठेवला. रशियाने अंग काढून घेतलं, लंडनने नकार दिला. नेपोलियनला मेक्सिकोत स्वतःचा डाव मांडायचा होता, त्याला दक्षिण हवीच होती, पण ब्रिटनच्या आरमाराशिवाय एकट्याने पुढे व्हायची त्याची तयारी नव्हती.

गुलाममुक्तीची घोषणा लंडनच्या वजनदार वर्तमानपत्रांना सुरुवातीला रुचली नाही. लिंकनचा हुकूम चालणाऱ्या भागातले गुलाम तसेच आणि न चालणाऱ्या भागातले मुक्त, हा कसला न्याय, असा सूर होता. त्यात तथ्य होतं. शिवाय लिंकननेच १८६१ मध्ये पदग्रहणाच्या भाषणात गुलामीला हात लावणार नाही असं सांगितलं होतं. पण घोषणेने प्रश्नच बदलला. तोवर दक्षिणेला पाठिंबा म्हणजे 'स्वयंनिर्णयाला पाठिंबा' असं म्हणता येत होतं. आता तसं म्हणताना खालून कुणीतरी 'आणि गुलामांचं काय?' असं विचारणारच.

सभेत ते विचारलं जातही होतं. तेव्हा जनमत मोजायची चाचणी नव्हती, आणि बहुसंख्य गिरणी कामगारांना मतही नव्हतं. जनमत दिसायचं ते जाहीर सभांत. ठराव मांडायचा, अनुमोदन घ्यायचं, विरोधकाने उपसूचना आणायची, हात वर करून मोजायचं आणि तो ठराव वर्तमानपत्रात छापून आणायचा. दोन्ही बाजूंचे लोक सभागृह आपल्या माणसांनी भरण्याची कला जाणून होते. ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झालेल्या सभेने लिंकनला मानपत्र पाठवलं. १९ जानेवारीच्या उत्तरात त्याने कामगारांच्या सोसण्याला उदात्त शौर्य म्हटलं. उत्तरेच्या लोकांनी 'जॉर्ज ग्रिसवोल्ड' जहाज भरून पीठ पाठवलं, ते फेब्रुवारीत लिव्हरपूलला लागलं. जेफरसन डेव्हिसच्या घरचा गाडीवान विल्यम अँड्र्यू जॅक्सन पळून आला होता, तो इंग्लंडभर व्यासपीठांवर बोलला. मालकाबद्दल नोकराने सांगितलेलं खोडून काढणं अवघड जातं. दक्षिणेनेही हात बांधून ठेवले नव्हते. हेन्री हॉट्झे या तरुणाने मे १८६२ मध्ये लंडनमध्ये 'इंडेक्स' हे साप्ताहिक काढलं आणि बड्या पत्रांतल्या लेखकांना पैसे देऊन आपल्याकडे लिहायला लावलं. आपल्या पत्राचा खप त्याच्या लेखी दुय्यम होता. त्याच हातांनी हीच मांडणी मोठ्या पत्रांत उतरावी हा बेत. हुशारी त्याच्याकडे होती, पण गुलामीवर पांघरूण घालता येईना.

'उपाशी राहिले, पण कामगार एकमुखाने उत्तरेच्या बाजूने उभे राहिले' ही कथा मात्र जशीच्या तशी घेऊ नये. नंतरच्या अभ्यासकांनी गावोगावच्या सभांचे वृत्तांत काढले तेव्हा दक्षिणेला मान्यता द्या, निदान मध्यस्थी करा, असे ठराव लँकेशायरमध्येही बरेच सापडले. १८६२ च्या अखेरीस जवळपास पाच लाख माणसं मदतीवर जगत होती, तेव्हा तसं न होतं तरच नवल. कामगार फुटले होते, एवढंच सरकारला पुरेसं होतं. लँकेशायर एका आवाजात 'युद्धात उतरा' म्हणेल असं दक्षिणेने धरलं होतं, तो आवाज कधी आलाच नाही.

आणि कापूस दुसरीकडून यायला लागला होता. मँचेस्टरच्या बाजारात पश्चिम भारतातल्या सगळ्या कापसाला 'सुरत' म्हणत, मग तो भडोचचा असो, धारवाडचा की वऱ्हाडचा. कामगारांना तो डोळ्यांसमोर नको असे. त्याचा धागा आखूड, आणि गाठींत सरकी, पाला, माती. गिरणीत सूत ओढणाऱ्या रुळांच्या जोड्यांमधलं अंतर धाग्याच्या लांबीला जुळवावं लागतं. अमेरिकन कापसासाठी लावलेल्या रुळांतून आखूड धागा गेला की मधल्या जागेत तो कुणाच्याच पकडीत राहत नाही, सूत कुठे जाड कुठे बारीक निघतं. मग पीळ जास्त द्यावा लागतो, उत्पादन घटतं. साच्यावर धागा सारखा तुटतो, तुटला की साचा थांबतो, आणि विणकराची मजुरी कापडाच्या नगावर. म्हणजे दिवसभर उभं राहून हातात येणार कमी. 'देवा, कापूस पाठव, पण सुरती नको' अशी प्रार्थना झाल्याचा किस्सा त्या काळचाच. गाठींतली भेसळ इतकी वाढली की १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. पण नावं ठेवत का होईना, ब्रिटनच्या कापसात आता मोठा वाटा भारताचा होता, आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. दक्षिणेचा राजा पदच्युत झाला तो अपोलो बंदरावर, असं म्हणायला हरकत नाही.

आता जहाजांचं प्रकरण. दक्षिणेच्या आरमाराचा माणूस जेम्स बुलक लिव्हरपूलला बसून युद्धनौका बांधून घेत होता. १८१९ चा ब्रिटिश कायदा तटस्थ काळात परक्या पक्षासाठी जहाज युद्धासाठी सज्ज करायला मनाई करत होता. बुलकने कायदेतज्ज्ञाचा सल्ला घेतला आणि फट शोधली: जहाज ब्रिटनमध्ये बांधायचं, तोफा दुसऱ्या बोटीने पाठवायच्या आणि दोन्हींची गाठ ब्रिटिश हद्दीबाहेर घालायची. बर्कनहेडच्या लेअर्ड गोदीत '२९०' क्रमांकाने बांधलं गेलेलं जहाज असंच निसटलं. उत्तरेचा लिव्हरपूलचा कॉन्सुल थॉमस डडली याने गोदीतल्या माणसांची शपथपत्रं गोळा केली, ॲडम्सने ती रसेलकडे दिली. रसेलने कागद कायदेशीर सल्ल्यासाठी सर जॉन हार्डिंगकडे पाठवले, आणि हार्डिंगचं मानसिक संतुलन ढळलेलं होतं. कागद घरी पडून राहिले. २९ जुलै १८६२ ला जहाज चाचणी फेरीच्या नावाखाली निघालं, संशय येऊ नये म्हणून डेकवर पाहुणे आणि बायकाही होत्या. त्यांना टगबोटीने परत पाठवून ते अझोर्सकडे वळलं, तिथे तोफा चढल्या आणि ते 'अलाबामा' झालं. त्याने साठाहून जास्त व्यापारी जहाजं पकडली. जानेवारी १८६४ मध्ये ते मलबार किनाऱ्यापर्यंत आलं, मुंबईहून निघालेलं 'एमा जेन' जाळलं आणि कैदी केरळातल्या अंजेंगोला उतरवले. जूनमध्ये शेरबूर्गसमोर उत्तरेच्या 'किअरसार्ज'ने त्याला बुडवलं.

याच गोदीत पुढे पोलादी नाकाच्या दोन चिलखती नौका तयार झाल्या. कागदोपत्री गिऱ्हाईक फ्रेंच पेढी, तीही म्हणे इजिप्तच्या पाशासाठी. ॲडम्सने ५ सप्टेंबर १८६३ ला रसेलला लिहिलं की हे म्हणजे युद्धच आहे, हे मी वेगळं सांगायला नको. रसेलने दोन दिवस आधीच त्या अडवायचा हुकूम दिला होता, ॲडम्सला ते ठाऊक नव्हतं. तोवर गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग दोन्हीकडे उत्तर जिंकली होती, आणि कोण जिंकतंय याच्याकडे डोळा ठेवूनच कायद्याचा अर्थ लागत होता. दोन्ही नौका शेवटी ब्रिटिश आरमाराने विकत घेतल्या.

१८६५ च्या सुरुवातीला दक्षिणेने डंकन केनर याला युरोपात पाठवलं. मान्यता द्या, आम्ही गुलामी सोडतो, असा निरोप होता. पामर्स्टनने नकार दिला. ९ एप्रिलला ली शरण गेला, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईत शेअरचे सट्टे १ जुलैच्या वायद्याला बुडाले. 'अलाबामा'ने केलेल्या नुकसानीचा हिशेब त्यानंतरही सात वर्षं चालला. १८७१ च्या वॉशिंग्टन करारानुसार अमेरिका, ब्रिटन, इटली, स्वित्झर्लंड आणि ब्राझील यांनी नेमलेले पाच लवाद जिनिव्हाला बसले आणि सप्टेंबर १८७२ मध्ये ब्रिटनने अमेरिकेला १ कोटी ५५ लाख डॉलर सोन्यात द्यावेत असा निवाडा झाला. ब्रिटनने पैसे भरले. बुलकने शोधलेली फट मात्र १८७० च्या नव्या कायद्याने आधीच बुजवली गेली होती: आता नुसतं बांधणंसुद्धा गुन्हा होता.